खेड्यातली एसटी, वडाप आणि पाणंद: कोल्हापूरकरांनो, तुमच्याकडं काय चाललंय?

तिट्ट्यावरचा | रविवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी.

गावाचं नाव घेत नाही, उगाच कुणाची नोकरी अडचणीत यायला नको. भुदरगड-राधानगरीच्या अंगाला, डोंगराकडची एक वाडी समजा. मुख्य रस्त्यापासून सात किलोमीटर आत. रस्ता जिथं फुटतो त्याला आम्ही नुसतंच तिट्टा म्हणतो. तिथं माझं दुकान आहे. चहा, भडंग, झेरॉक्स, मोबाईलचं रिचार्ज. गाडीची वाट बघणारी माणसं हेच माझं गिऱ्हाईक. गाडी उशिरा आली की माझा धंदा होतो, तरी हा धागा मीच काढतोय, यावरून काय ते ओळखा.

झालं असं की संध्याकाळी सव्वापाचला वाडीत जाणारी एक गाडी होती, ती बंद झाली. विचारलं तर उत्तर आलं, भारमान नाही, म्हणजे पुरेशी माणसं बसत नाहीत. माझी पुतणी अकरावीला आहे, शेवटचा तास प्रॅक्टिकलचा. आता ती तो तास अर्धा टाकून चारच्या गाडीनं येते, नाहीतर माझा भाऊ पाण्याची पाळी सोडून मोटरसायकल घेऊन तिट्ट्यावर येतो. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर, वर पेट्रोल, आणि शेतातला ऐन कामाचा तास मोडला तो वेगळाच.

मला राग आला. राग आला की मी लिहून काढतो. उधारीची वही उलटी केली आणि मागच्या बाजूनं आठ दिवस लिहीत बसलो: कोण आलं, किती वाजता, कुठं जायचंय, शेवटी कशानं गेलं. भारमान नाही म्हणजे नक्की काय नाही, हे बघू म्हटलं.

पहिली गोष्ट. आमच्या वाडीत मोटरसायकल नसलेलं घर शोधावं लागेल. पण ती मोटरसायकल सकाळी घरातला गडी घेऊन जातो तो रात्रीच उगवतो. मागं राहतात म्हातारी, सून, शाळेची पोरं. दारात गाडी असते म्हणायची आणि घरातली चार माणसं रस्त्यावर हात करून उभी.

दुसरी गोष्ट वहीतनंच कळली, नाहीतर माझ्या कधी ध्यानात आली नसती. सकाळची गाडी वाडीतून सातला सुटते. वाडीतली दूध संस्था सव्वासातपर्यंत चालू असते. बाया दूध घालून, फॅटची पावती घेऊन, किटली घरात ठेवून, पोराचा डबा भरून रस्त्याला येईपर्यंत साडेसात होतात. गाडी गेलेली असते, वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप, उभं असतं. आता बायकांना एसटीत १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर त्याच्या आदल्या वर्षीपासून फुकट आहे. तरी ह्या सगळ्या पूर्ण पैसे मोजून वडापनं जातात. अर्ध्या तासासाठी.

गाडी रिकामी जाते हे आगाराचं म्हणणं खरंच आहे. पण ती सातला निघते म्हणून रिकामी जाते.

तुमच्याकडं कसं आहे? नवीन गाड्या द्या वगैरे मागण्या मला करायच्या नाहीत. आहे त्यात काय हलवता येईल ते बोलूया.

---

जुना बिल्ला | रविवार, रात्री १०.२५

वही जपून ठेवा. मी वाहक म्हणून आयुष्य काढलं, आता घरी बसून नातवंडं सांभाळतो. आगारात निवेदन घेऊन आलेली माणसं बघितली, हार घेऊन आलेली बघितली, टाळं घेऊन आलेली पण बघितली. वही घेऊन आलेला एक माणूस बघितला नाही.

पण आगारातल्या माणसाची बाजू पण ऐका. तुमची सातची गाडी एकट्या तुमच्या वाडीची नसते. ती एका नियताची, म्हणजे गाडीच्या दिवसभराच्या ठरलेल्या फेऱ्यांपैकी, एक फेरी असते. रात्री मुक्कामी आलेली गाडी सातला निघाली, आठ-सव्वाआठला बाजाराच्या गावात टेकली, तिथून नऊची फेरी दुसऱ्याच दिशेला. चालक-वाहकाची ड्युटी आठ तासांची धरून हे सगळं बसवलेलं असतं. तुम्ही एक टोक अर्धा तास ओढलं की पलीकडच्या गावातली दहावीची पोरं पहिल्या तासाला बाहेर उभी. म्हणून तो नाही म्हणतो. त्याचा तुमच्यावर राग नाही.

उपाय सांगतो. तुमच्या गाडीची पुढची फेरी कुठल्या गावाला जाते ते शोधा. त्या गावच्या सरपंचाशी आधी बोला. त्यांना पंधरा मिनिटं चालत असतील आणि तुमची दूध संस्था पंधरा मिनिटं आधी उघडत असेल, तर काम झालं. दोन्ही ग्रामपंचायतींचे ठराव एकत्र द्या. एका गावाच्या ठरावाला कुठलाही साहेब पुढच्या गावाची अडचण सांगून परत पाठवू शकतो.

भारमानाचं पण एक सांगतो, बाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं. डोंगराकडच्या गावांची वाहतूक एकेरी असते. सकाळी जाताना दारात लोंबकळून माणसं, उलट येताना चालक, वाहक आणि एखादी कोंबडी. हिशेब दोन्ही बाजूंचा मिळून होतो. सकाळी उभ्यानं माणसं नेली तरी कागदावर गाडी निम्मीच दिसते. म्हणून मुक्कामी गाडी सगळ्यात शहाणी. रात्री भरून येते, सकाळी भरून जाते, मधली रिकामी फेरी वाचते. डिझेलही वाचतं.

मुक्कामाचं सोपं नसतं बरं का. देवळात झोपायचं, उशाला तिकिटाची पेटी आणि रोख. पावसाळ्यात छप्पर गळतंय, संडास नाही. काही गावं पिठलं-भाकरी आणून द्यायची, काही गावं दिवा पण लावायची नाहीत. मुक्कामी गाडी टिकवायची असेल तर ग्रामपंचायतीनं एक खोली, पाणी, संडास आणि पंखा एवढं करावं. ज्या गावात हे होतं तिथली ड्युटी आम्ही मागून घ्यायचो.

---

सायन्सवाली | रविवार, रात्री १०.५०

तुमच्या पुतणीसारखीच मी. बारावीला आहे. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, माझ्याकडं आहे. मुलांना ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिसरा हिस्सा भरायचा. पण संध्याकाळी गाडीच नसेल तर त्या पासचा उपयोग पुस्तकात खूण ठेवायला होतो. वडापवाले काका पास बघून हसतात.

आमच्या वर्गातल्या दोघींनी अकरावीला सायन्स घेतलंच नाही. मार्क होते. सायन्सचं कॉलेज तालुक्याला आणि आर्ट्सचं जवळच्या गावात, एवढंच कारण. घरी कुणी नको म्हटलं नाही, फक्त "येणार कशी?" विचारलं.

---

वडापवाला | सोमवार, सकाळी ६.१५

सगळ्यास्नी रामराम. गाडी भरायची वाट बगालोय, तवर लिहितो.

आमाला शिव्या घालायच्या तर घाला, पर ऐकून घ्या. सीटवर सीट आमी हौसेनं बसवत न्हाई. गाडीचा हप्ता, पासिंग, विमा, टायर, आणि डिझेलचं तर बोलूच नगा. धा जण भरल्याबिगर निघालो की माझ्या खिशातनं जातंय. एसटी रिकामी गेली तर कंडक्टरचा पगार थांबत न्हाई, माझा थांबतोय.

आणि रात्री दोनला बाळंतीण न्यायला कोण येतंय? आजारी म्हातारं न्यायला? लग्नाची भांडी? तवा बरोबर माझाच नंबर आठवतोय की.

पर खरं ते बी सांगतो. दोन वर्साखाली पावसात गाडी घसरली आणि बांधावर चढली. कुणाला काय झालं न्हाई, देवाची कृपा. त्या रात्री मला झोप न्हाई. आत चौदा माणसं हुती. परवाना तसला न्हाई. कोण मेलं असतं तर विम्याचं काय झालं असतं हे मला ठावं हाय, आणि माझ्या घरातल्यास्नी बी ठावं हाय. एसटीत तिकिटामागं रुपया घेत्यात अपघात निधीला, त्यातनं माणसाच्या घरच्यास्नी काय तर मिळतंय. माझ्या गाडीत बसलेल्याला काय हाय? माझ्या शब्दाबिगर कायबी न्हाई.

मला टायम ठरवून द्या, परवाना द्या. मी टायमावर पळतो, सीट न भरता बी पळतो. पर रिकामं पळालो तर त्या फेरीचं पैसं कोण देणार, तेवढं आदुगर सांगा.

---

गणिताचे मास्तर | सोमवार, दुपारी १.०५

वडापवाल्या दादांनी धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला आहे. त्याआधी मी एक हिशेब मांडतो. सुट्टीत खडू हातात होता, म्हटलं फळा पुसायच्या आधी उतरवून घेऊ.

मोठी बस आपल्या चढ-उताराच्या रस्त्यावर लिटरला साधारण पाच किलोमीटर धरा. मोटरसायकल पन्नास. वडापची जीप बारा. डिझेल-पेट्रोलचा फरक तूर्त सोडून द्या, अंदाज यायला एवढं पुरे.

बसमध्ये चाळीस माणसं असतील तर एका लिटरमध्ये चाळीस माणसं पाच किलोमीटर, म्हणजे दोनशे. मोटरसायकलवर एकटा माणूस असेल तर पन्नास, डबलसीट शंभर. जीपमध्ये दहा जण असतील तर एकशे वीस. म्हणजे भरलेल्या बसला तोड नाही. पण त्याच बसमध्ये पाचच माणसं असली तर हिशेब पंचवीसवर येतो. तेवढी पाच माणसं पाच वेगवेगळ्या मोटरसायकलींवर गेली असती तरी निम्म्याच इंधनात पोचली असती! रिकामी पळणारी मोठी गाडी पर्यावरणाच्या दृष्टीनं आपल्या मोटरसायकलींपेक्षा वाईट, हे आपण पर्यावरण दिनाच्या भाषणात कधी सांगत नाही. मीही सांगत नाही. पाच जूनला मीच भाषण करतो.

यातून निघतं ते असं: सकाळी आणि शाळा सुटताना मोठी गाडी थेट वाडीपर्यंत. दुपारच्या वेळी मोठी गाडी मुख्य रस्त्यावरच राहू दे, आणि वाडी ते तिट्टा लहान गाडी. ती लहान गाडी दादांची का असू नये?

अडचण कायद्याची आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ठरलेल्या मार्गावर टप्प्याटप्प्यानं माणसं चढवत-उतरवत जायला वेगळा परवाना लागतो. आपल्या राज्यात तो हक्क मुख्यतः एसटीकडं आणि शहरांच्या परिवहन उपक्रमांकडं आहे. दादांच्या गाडीला परवाना असला तरी तो अख्खी गाडी एका गिऱ्हाइकाला ठरवून देण्याचा. तमिळनाडूनं १९९७ पासून वेगळी वाट धरली. जिथं मोठी बस जात नाही अशा गावांसाठी खासगी मिनीबसना परवाने दिले, मार्ग सरकारनं ठरवला, भाडं सरकारनं ठरवलं, आणि शेवटचा थोडा भाग तेवढा मुख्य रस्त्यावर येऊ दिला, गाडी पकडता यावी म्हणून. तिथंही कुरबुरी आहेतच. पण "खेड्यातली लहान गाडी" हा कायद्यात बसणारा प्रकार आहे, एवढं त्यावरून दिसतं.

रिकाम्या फेरीचे पैसे कोण देणार? माझं मत, ग्रामपंचायत आणि दूध संस्था यांनी अर्धा-अर्धा बोजा उचलावा. आमच्या भागात दूध संस्थेएवढी रोज दोन वेळा नेमानं चालणारी दुसरी संस्था नाही. गावोगावी दुधाची गाडी ठरल्या वेळेला येते, पाऊस असो, पाडवा असो. १९६३ साली गोकुळ दूध संघ सुरू झाला तेव्हापासून हे वेळापत्रक गावाच्या अंगात मुरलंय. माणसांसाठी हेच जमत नाही, म्हणजे अक्कल नाही असं नव्हे. कुणी मनावर घेतलेलं नाही.

---

वडापवाला | सोमवार, दुपारी १.४०

मास्तर, दुधाच्या टेम्पोत माणसं बसवू नगा म्हंजे झालं. माल गाडीत माणूस, पकडला की गेलं लायसन.

---

गणिताचे मास्तर | सोमवार, दुपारी १.४४

टेम्पोत नाही हो. टेम्पोच्या वेळेला.

---

सायन्सवाली | सोमवार, संध्याकाळी ७.३०

मास्तर, गणित बरोबर आहे, पण तिट्ट्यावर गाडी बदलायला लावताना तीन गोष्टी धरा.

एक, लहान गाडीत पास आणि अर्धं तिकीट चाललं पाहिजे. नाहीतर सवलत मुख्य रस्त्यापुरती आणि सात किलोमीटरचे पूर्ण पैसे. शिवाय एसटीचा भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा. प्रवास मध्येच तोडून दोन तिकिटं काढली की टप्पे वाढतात, हे आमच्या आजीला पण कळतं.

दोन, मोठी गाडी उशिरा आली तरी लहान गाडीनं थांबलं पाहिजे. ती आपल्या वेळेला निघून गेली तर मी तिथं रात्री आठला काय करू?

तीन, तिट्ट्यावर दिवा आणि बायकांसाठी संडास. पारावर पुरुष मंडळी गप्पा मारत बसतात, चहा पितात, त्यांना तो तिट्टा बरा वाटतो. अंधार पडल्यावर एकट्या मुलीनं तिथं वीस मिनिटं उभं राहणं वेगळं असतं. आम्ही कॉलेजला जायच्या दिवशी सकाळपासून पाणी कमी पितो. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिलंच.

---

तिट्ट्यावरचा | सोमवार, रात्री ८.१०

बाळ, लाज आम्हाला वाटायला पाहिजे. माझं दुकान तिथं बारा वर्षं आहे आणि माझ्या वहीत हा रकानाच नव्हता.

---

मूळचा कोल्हापूरचा | सोमवार, रात्री ९.००

पुण्याहून लिहितोय. मंडळी, डिझेलच्या हिशेबात कशाला अडकता? केंद्राच्या पीएम ई-बस सेवेतून कोल्हापूर शहराच्या केएमटीला १०० गाड्या मंजूर झाल्या आहेत, एसटीच्या विजेवरच्या ई-शिवाई २०२२ पासून धावत आहेत. गावात ई-रिक्षा आणा, ॲपवर गाडी कुठं आहे ते दाखवा, तरुणांना रोजगार. प्रश्न मिटला.

---

जुना बिल्ला | सोमवार, रात्री ९.२०

साहेब, तुम्ही किती वर्षांत गावाकडं आला नाही?

ई-रिक्षा शिरोळ-हातकणंगल्याच्या सपाटीला चालेल. तिथं नक्की आणा. आमच्याकडच्या घाटाला सहा माणसं आणि दोन पोती तांदूळ घेऊन ती चढताना मला बघायचीच आहे. मोठ्या विजेच्या गाड्या चांगल्या असतात, मी बसलोय. पण त्या आधी शहरात आणि मोठ्या मार्गावर येणार, आमच्यापर्यंत यायला वेळ आहे. तोवर पुतणी पदवीधर होईल.

छोट्या गाड्यांचं म्हणाल तर एसटीतही यशवंती नावाच्या लहान गाड्या होत्या. अरुंद रस्त्याला बऱ्या. कल्पना नवीन नाही.

---

तिट्ट्यावरचा | सोमवार, रात्री ९.४५

ॲपचं मात्र टाकून देऊ नका. आमच्या शेजारच्या गावानं ॲपशिवाय केलंय. "गाडी सुटली का" नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पहिल्या गावातली पानटपरीवाली मावशी गाडी हलली की नुसतं "सु" लिहिते. गाडी आलीच नाही तर "न्हाई". दोन अक्षरांत पुढची सहा गावं हलतात. सकाळी त्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं टाकली तर ॲडमिन काढून टाकतो, एवढा कडक नियम आहे.

---

बावडा रोड | मंगळवार, सकाळी ७.१०

पावसाचं कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. आमचा गगनबावड्याचा रस्ता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. हे आकडे कोल्हापुरात शेंबड्या पोराला पाठ असतात. पण आमचा रस्ता मांडुकलीजवळ त्याआधीच पाण्याखाली जातो. २०१९ आणि २०२१ ला तर विचारूच नका.

असं झालं की सगळे म्हणतात गाड्या बंद. पण पाण्याच्या अलीकडं आणि पलीकडं रस्ता कोरडाच असतो की. गगनबावड्याला आगार आहे म्हणून गाड्या पलीकडच्या अंगाला असतात, आणि पलीकडच्या गावांतल्या माणसाला निदान तालुक्याला तरी जाता येतं. म्हणून आगारं एकत्र करा, सगळं शहरातून चालवा, असं कुणी म्हटलं की मला धडकी भरते. पुराच्या दिवसांत पाण्याच्या दोन्ही अंगाला गाडी असणं हीच खरी सोय. लहान गाडीची योजना कराल तेव्हा रात्री ती गाडी कुठं उभी राहते ते पण लिहा. वाडीतच राहिली पाहिजे.

---

पाणंदकर | मंगळवार, सकाळी ११.३०

सगळे डांबरी रस्त्यावरच भांडताय. आमच्या गावातून हायस्कूलला डांबरीनं सहा किलोमीटर आणि पाणंदीनं, म्हणजे शेतातल्या वाटेनं, अडीच. आमची पिढी पाणंदीनं गेली, सायकलवर. आता पोरं सहा किलोमीटरच्या गाडीची वाट बघत थांब्यावर बसतात, कारण पाणंद राहिली नाही.

कशी गेली? दोन्ही बाजूंनी बांध कोरून. दर वर्षी औताचा एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, आत. एक तास म्हणजे वीतभर, कुणाच्या नजरेत येत नाही. वीस वर्षांत बैलगाडीची वाट माणसाच्या वाटेएवढी झाली. उरलेली ऊस भरलेल्या ट्रॉल्यांनी फोडली. हंगामात ट्रॉली अडकली की जेसीबी येतो, ओढून काढतो, आणि जाताना दोन फुटी चाकोरी ठेवून जातो. पहिल्या पावसात त्यात गुडघाभर पाणी.

सायकलनं चिखलातून कधी गेलाय? आमच्या काळ्या रानातला चिखल मडगार्डमध्ये असा बसतो की चाक फिरायचंच थांबतं. मग जागोजागी उतरायचं, उसाच्या पाचटाची नाहीतर चिव्याची काडी घ्यायची, चिखल खरवडायचा, चार पावलं जायचं. आम्ही दप्तरात काडी ठेवायचो. मास्तरांना वाटायचं मारामारीला आणली.

पाणंदीला डांबर नको. मोजणी करून मूळ रुंदी सोडवा, मुरूम टाका, ओढ्याला मोऱ्या घाला. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद योजना २०२१ ला आली, ती शेतमालासाठी म्हणून मागतात. प्रस्तावात शाळा पण लिहा की. अडीच किलोमीटरला ना डिझेल लागतं, ना भारमान, ना पास.

---

सायन्सवाली | मंगळवार, दुपारी ४.०५

मोबाईलवरून घाईत लिहितेय, चारच्या गाडीत आहे. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ऊस असलेल्या पाणंदीतून मुलींना घरचे एकटं पाठवत नाहीत. बिबट्याची अफवा असतेच वर. पाच-सहा जणी मिळून असू तर जाऊ. त्यासाठी सगळ्यांचे तास एकाच वेळी सुटले पाहिजेत.

---

पाणंदकर | मंगळवार, संध्याकाळी ६.००

हे बरोबर आहे. ऊस तुटला की डिसेंबर ते मे मोकळं रान असतं. तेवढे महिने तरी.

---

रुकडीकर | मंगळवार, रात्री ८.५०

तुमच्या डोंगराकडच्या दुखण्यात मी काय बोलणार, आमच्याकडं रेल्वे आहे. मिरज-कोल्हापूर लाईन १८९१ ची, संस्थानाच्या काळातली. पॅसेंजर स्वस्त आहे, तिला चिखल नाही. फक्त स्टेशनात उतरल्यावर गावात जायला काय, हा तुमचाच प्रश्न आमच्याकडं दीड-दोन किलोमीटरचा होऊन येतो. स्टेशनवर सायकल ठेवायला छप्पर असलं तरी बरंच सुटेल. ई-रिक्षा आधी आमच्याकडं पाठवा, पुणेकर.

---

मूळचा कोल्हापूरचा | मंगळवार, रात्री ९.१५

मान्य. शिव्या कमी पडल्या, आभारी आहे. २५ जानेवारी २०२५ ला एसटीचं भाडं १४.९५ टक्के वाढलं तेव्हा मी इथं बसून "ठीक आहे, तोटा किती सोसणार" म्हटलं होतं. आईला फोन केला तर ती म्हणाली, मला काय फरक पडतोय, आमची गाडीच सातला जाते.

---

जुना बिल्ला | मंगळवार, रात्री ९.३०

आईंच्या गावात पण दूध संस्था सव्वासातलाच बंद होते का, विचारा. मला आता शंका यायला लागली आहे. आम्ही वेळा ठरवायचो त्या शाळेच्या आणि कचेरीच्या घंटेवर. १९४८ साली एक जूनला पुणे-अहमदनगर पहिली एसटी निघाली, तेव्हापासून हेच चालत आलं. दुधाच्या काट्यावर कुणी वेळ लावली असेल असं मला आठवत नाही. दूध घालणाऱ्या बायका पूर्वी गाडीनं कुठं जातच नव्हत्या म्हणा, किंवा आम्ही बघितलंच नसेल.

आणि एक. एसटीच्या संपाचे ते महिने, ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२, फार महागात पडले. त्यात कोण चूक, कोण बरोबर यावर मी बोलणार नाही, माझी पोरंबाळं त्याच घरची. पण रोजचा माणूस सहा महिने तुटला की त्याला दुसरी वाट सापडते.

---

तिट्ट्यावरचा | पुढचा रविवार, रात्री १०.०५

आठवड्यात काय झालं ते सांगतो. फार काही नाही.

दूध संस्थेच्या सचिवाला भेटलो. काटा पंधरा मिनिटं आधी सुरू करायला तो तयार आहे, पण म्हणाला दुधाची गाडी यायच्या आत कॅन भरून ठेवले तर उन्हाळ्यात दूध नासायची भीती. पावसाळा-हिवाळा करून बघू म्हणाला. दूध घालणाऱ्या काकींचं म्हणणं वेगळंच. त्या म्हणाल्या, काटा आधी सुरू करून काय, म्हैस आधी पान्हावते का? हे पण बरोबर आहे. म्हणून आमच्या बाजूनं दहा मिनिटं आणि गाडीच्या बाजूनं वीस, असं मागायचं ठरलंय.

बिल्ला काकांनी सांगितल्याप्रमाणं गाडीची पुढची फेरी शोधली. खिंडीपलीकडचं गाव निघालं. त्यांच्या सरपंचबाई फोनवर पहिलं वाक्य बोलल्या, "तुमच्यामुळंच आमची गाडी रोज उशिरा येते होय!" मग पाऊण तास बोलणं झालं. त्यांच्या शाळेची घंटा साडेदहाची आहे, पोरं पावणेदहालाच पोचून मैदानात बसतात. वीस मिनिटं त्यांना चालतात. पण त्या म्हणाल्या, नुसतं तोंडी नको, आमच्या पण थांब्यावर आठ दिवस वही भरा, मग ग्रामसभेत ठेवते. आमचीही ग्रामसभा आहे, दोन्ही ठराव एकत्र देऊ.

संध्याकाळच्या सव्वापाचच्या गाडीचं अजून काही नाही. वडापवाला दादा सध्या पोरींसाठी सव्वापाचला सीट न भरता निघतो. डिझेलचे पैसे सहा पालक वाटून देतात. हे कायद्यात बसत नाही हे मला माहीत आहे, मास्तर, लगेच लिहू नका.

दिवा लागलाय. ग्रामपंचायतीच्या गोडाऊनमध्ये सोलरचा एक पडूनच होता. संडासाला जागा बघितली आहे, माझ्या दुकानाच्या मागं. पाणी मी देतो म्हटलंय.

वहीत नवीन रकाने पाडलेत: बाई की गडी, पास आहे का, किती वेळ थांबली, कुठं थांबली. खिंडीपलीकडच्या थांब्यावर वही घेऊन कोण बसणार ते ठरलेलं नाही. सकाळी सहाला बसायचं, थंडी आहे. त्या बाजूचं कुणी इथं वाचत असेल तर सांगा, भडंग आणि चहा माझ्याकडून.

---

खिंडीपलीकडची | पुढचा रविवार, रात्री १०.४०

मी बसते. साखर कमी.